चौदा अक्षरांच्या आत

ता. ९ जानेवारी १९९५ रोजी आमच्या मिलने रुपये दोन लाख एकेचाळीस हजार पाचशे देऊन एक जुने संगणक-यंत्र विकत घेतले. चेक मीच लिहिला. युरोपातल्या एका बंद पडलेल्या छपाई कारखान्यातून ते मुंबईच्या दलालाकडे आले आणि तिथून टेम्पोतून आमच्याकडे सुरतजवळ भेस्तानला. दलाल त्याला वर्कस्टेशन म्हणत होता. आमचे ठाकोरभाई शेठ पहिल्या दिवसापासून 'मशीन' म्हणाले आणि तेच नाव राहिले. पडद्याच्या वर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फोडला, आणि पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून एक जण रुमाल आडवा धरून उभा राहिला. तो सुकदेव. हे त्याच्याविषयी आहे.

सुकदेवचे वडील लोटू अंमळनेरकडून मागावर कामाला आले आणि गोडादऱ्यात दोन खोल्या बांधून तिथेच वारले. आई धुरपदाबाई. सुकदेव सकाळचे कॉलेज करून बी.एस्सी. झाला आणि आमच्याकडे ट्रेसर म्हणून लागला. साडीच्या एका डिझाइनमध्ये जितके रंग, तितक्या वेगळ्या फिल्म हाताने काढायच्या, असे ते काम. संध्याकाळी रिंग रोडवरच्या क्लासला जाऊन तो युनिक्स शिकला होता. ते कशासाठी, हे तेव्हा मिलमध्ये कुणाला कळले नव्हते. मशीन आले ते युनिक्सवरच चालणारे निघाले, तेव्हा शेठना वाटले, याने आधीच ओळखले होते. मशीन त्याच्या हवाली झाले.

मशीनची खोली आमच्या मिलमधली शेठच्या केबिननंतरची दुसरी वातानुकूलित खोली. बॉयलरची राख आत येऊ नये म्हणून खिडकी कायमची चिकटपट्टीने बंद केली होती. दार आपोआप लागायचे. आत गेलेल्या माणसाला पाऊस पडून गेला तरी कळत नसे. माझी हिशेबाची खोली शेजारीच. मधल्या भिंतीला एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक होते. त्यातून मला सुकदेवचे खोकणे ऐकू यायचे.

आता अडचण काय होती ते सांगतो. व्यापारी यायचा, डिझाइन पसंत करायचा, मग म्हणायचा, काठ बारीक करा, बुट्टी दूर दूर टाका. सुकदेव बदल करून फाइल ठेवायचा. ठेवली की आधीचे रूप पुसले जायचे. आणि पुढच्या लग्नसराईत तोच व्यापारी साडीचा तुकडा घेऊन यायचा: "पहिल्यांदा दाखवलं होतं ना, ते द्या." पहिले आता कुठेच नसायचे. ते फक्त सुकदेवच्या डोक्यात असायचे, आणि तो बसून पुन्हा काढायचा. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आमच्यात खोडत नाहीत. चूक झाली तर उलट नोंद करतात, जुनी तशीच राहते. मला हा प्रकार पहिल्यापासून बेशिस्त वाटत होता.

यामुळे सुकदेवला रजा मिळेना. रजेचा अर्ज आला की कुठला तरी व्यापारी तुकडा घेऊन आलाच. त्याची बायको विशाखा शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, नोकरी कायम. मुलगी तिच्याजवळ. सुकदेव दोन महिन्यांतून एखादा रविवार जायचा आणि सोमवारी सकाळी एस.टी.ने उतरून सरळ मिलमध्ये यायचा. अंगावरच्या शर्टाला रात्रीच्या प्रवासाच्या चुण्या तशाच.

१९९६च्या एप्रिलमध्ये त्याला धुळ्याच्या एका तंत्रशाळेत निदेशकाच्या जागेचे पत्र आले. १५ जुलैपर्यंत मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हायचे होते. प्रमाणपत्रे शेठच्या कपाटात होती. आमच्याकडे कारागिराच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची रीत होती. रीतसर पावती दिली जाई.

सुकदेव शेठकडे गेला तेव्हा मी चेकवर सह्या घेत तिथेच होतो.

"धुळ्याला?" शेठ म्हणाले. "सुरत सोडून धुळ्याला कोण जातं भाई? धुळ्याचे लोक इकडे येतात."

"बायको-मुलगी तिकडे आहेत, शेठ."

"मी नाही म्हणत नाही. जा. पण एक काम करून जा. मी या खोलीत बसेन, शेजारी कुणीही असेल, तो मशीनवरचा लखन असेल, आणि तुला न विचारता जुनं डिझाइन बाहेर आलं पाहिजे. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी तुझे कागद मी माझ्या हाताने देईन. वर तुझ्या बायकोला पाच साड्या. बरोबर ने, महेताजी?"

महेताजी म्हणजे मी, मिलचा हिशेबनीस. मी म्हणालो, अट स्पष्ट आहे.

सुकदेवचा एक मित्र होता, लोकेश. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संगणकावर काम करायचा. त्याने फोनवर सांगितले की अशा कामासाठी परदेशात एक प्रोग्राम लिहिलेला आहे, फुकट मिळतो. फाइल ठेवली की तो जुने पुसत नाही. काय बदलले, कधी, कुणी, एवढेच टिपून ठेवतो आणि मागितले की कुठलेही मागचे रूप पुन्हा उभे करतो. लोकेशने फ्लॉप्या पाठवल्या. मशीनला फ्लॉपीची फटच नव्हती. मग सुकदेवने माझ्या हिशेबाच्या संगणकाला एक तार जोडली, ती एसीच्या भोकातून पलीकडे नेली, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरून प्रोग्राम थोडा थोडा त्या खोलीत ढकलू लागला. मी डबा स्टुलावर ठेवून खायचो.

"झालं का?" मी विचारले.

"पोचलं, नाना. चालत नाही."

"का?"

"हे नव्या पद्धतीने लिहिलेलं आहे. आपल्या मशीनचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं वाचून यंत्राला समजावणारा, तो जुना आहे. त्याला नवी वाक्यं कळत नाहीत. पहिल्याच ओळीला अडतो."

"नव्या नमुन्यातलं भरणा-चलन बँकेच्या जुन्या शाखेने परत करावं, तसं?"

"तसंच. आता एकेक चलन जुन्या नमुन्यावर उतरवतोय."

मे महिना त्यात गेला. प्रोग्रामची पाने पुष्कळ. प्रत्येक पानावर जुन्या पद्धतीची दुरुस्ती, मग पुन्हा कंपायलरला देणे, मग त्याची नवी तक्रार. काही ठिकाणी प्रोग्राम मशीनकडे असे एखादे काम मागे जे त्या मशीनला येतच नव्हते. ते काम सुकदेव स्वतः लिहून देई. बाहेर उन्हाने डांबर वितळत होते आणि हा आत स्वेटर घालून बसलेला. दार उघडून बाहेर आला की डोळे बारीक करून उभा राहायचा.

शेवटची अडचण नावांची निघाली. ते मशीन फाइलच्या नावाची चौदाच इंग्रजी अक्षरे लक्षात ठेवायचे. पंधरावे दिले तर तक्रार नाही, नकार नाही. मुकाट्याने कापून टाकायचे. आणि हा प्रोग्राम तर आपल्या प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी दोन अक्षरांचे शेपूट लावणारा. सुकदेवने हिशेब केला: शेपटाची दोन सोडून नावाला बारा. आमची सर्वांत मोठी आणि सर्वांत लांब नावाची मालिका 'महालक्ष्मी'. इंग्रजीत, क्षसाठी एक्स घालून, नऊ अक्षरे, पुढे तीन आकडे. बारा.

"काठोकाठ बसलं, नाना," तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा हसला.

मग मशीनवर होत्या त्या फाइलींवरून मागे मागे जात त्याने आठवणीतली जुनी रूपे उभी केली आणि प्रोग्रामला टिपून घ्यायला लावली. जूनच्या अखेरीस शेठ खोलीत येऊन बसले. लखन कीबोर्डवर. लखन म्हणजे मशीनवरचा दुसरा माणूस. मिशीवाला, पस्तिशीचा, लिंबायतला राहणारा, भजनी मंडळात पेटी वाजवणारा. सुकदेव बाहेर माझ्याजवळ बसला. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले होते.

आतून शेठचा आवाज आला. "महालक्ष्मी सतरा. पहिल्यांदा होतं ते."

कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग शेठ ओरडले, "अरे वाह! पातळ काठ! हेच! सुकदेव, अरे मला हेच आठवत होतं!"

त्यांनी सगळ्यांना खमण मागवले. सुकदेवला म्हणाले, "दहा तारखेला कागद घेऊन जा. तुझा शब्द पुरा झाला, माझा होईल." सुकदेव दोन दिवसांची रजा घेऊन धुळ्याला खोली बघायला गेला. रजेचा अर्ज त्या वेळी कुणी परत पाठवला नाही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ अस्वस्थ होऊन आले. त्या वर्षी आषाढ अधिक होता. घरी सुनेने विचारले होते की पुरुषोत्तम मासात नवे काम कसे सुरू केले. अधिक महिन्यात आमच्या बाजारात कुणी दुकानाची पाटीसुद्धा बदलत नाही. शेठ मशीनपुढे उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावरची नावांची यादी पाहिली.

"लखन, यात श्री कुठे आहे?"

"श्री नाही, शेठ."

"एकाही नावाला नाही?"

"सुकदेवने तशीच ठेवलीत."

शेठ माझ्याकडे वळले. "महेताजी, श्रीशिवाय तुम्ही एक पान लिहिता?"

मी म्हणालो, लिहीत नाही. खरेच लिहीत नाही. माझ्या कुठल्याही वहीचे पहिले पान कोरे असले तरी त्यावर श्री असते. मला त्यात गैर काही वाटले नाही, आजही वाटत नाही.

"मग लाव," शेठ लखनला म्हणाले. "सगळ्यांना. पुढे. माझ्यासमोर."

नाव बदलण्याची आज्ञा सुकदेवने लखनला शिकवली होती. लखनने पहिल्या महालक्ष्मीपुढे इंग्रजीत श्री लिहिले, शेवटी दोन ई घालून पाच अक्षरे. मशीनने घेतले. दुसऱ्या नावाला मशीन थांबले आणि त्याने इंग्रजीत काही विचारले.

"क्या पूछता है?" शेठ म्हणाले. लखनशी ते हिंदीत बोलू लागले म्हणजे काम गंभीर, असे समजायचे.

"पूछता है, पक्का करूं?"

"पक्का ही करने का है. पुरुषोत्तम मास है."

लखनने वाय, म्हणजे यस, दाबले. मग तिसरे नाव, पुन्हा प्रश्न, पुन्हा वाय. शेठ हात जोडून उभे. मालिका संपेपर्यंत ते हलले नाहीत.

सुकदेव परत आला तो विशाखाने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. मला एक लाडू दिला, धुळ्याची खोली सांगितली: दोन खिडक्या, समोर कडुनिंब, भाडे परवडण्यासारखे. मग आत गेला. खोकणे ऐकू आले नाही. मी उठून दार ढकलले.

पडद्यावर यादी होती. आखूड नावांच्या मालिका शाबूत होत्या, पण महालक्ष्मीची सारी मालिका असायला हवी तिथे एकच नाव होते. सुकदेव पेनाच्या टोकाने काचेवर अक्षरे मोजत होता. पाच श्रीची, नऊ महालक्ष्मीची. चौदा. आकड्यांना जागाच उरली नव्हती. एक नंबर, दोन नंबर, सतरा नंबर, सगळ्यांचे नाव मशीनपाशी एकच झाले होते. मशीन दर वेळी विचारत होते ते 'आधीचे पुसू का?', आणि प्रत्येक नवे डिझाइन आधीच्यावर बसून ते त्याच्या सगळ्या मागच्या रूपांसकट पुसले गेले होते. उरले होते फक्त शेवटचे.

"तू वाय का दाबलंस?" सुकदेवने लखनला विचारले. आवाज चढवला नाही.

"तूच सांगितलं होतंस. मशीनने विचारलं की वाय."

"ते प्रिंट काढताना."

"मला काय ठाऊक ते कधी काय विचारतं? शेठ हात जोडून उभे, मी काय नाही म्हणू? श्री लावायला नाही म्हणू?"

प्रत ठेवायची टेप होती, पण टेपच्या यंत्रातले रबर वितळून त्याचा गूळ झाला होता आणि दुरुस्तीचा अंदाज शेठकडे पडून होता. सुकदेवने स्वतःच्या पैशाने फ्लॉप्या आणून माझ्या संगणकावरून त्यांवर प्रोग्रामची प्रत ठेवली होती; डिझाइने त्यांत मावत नव्हती. प्रोग्राम शाबूत होता. डिझाइने नव्हती.

दहा तारखेला तो शेठकडे गेला. शेठ रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे सुकदेव नंतर म्हणाला.

"भाई, माझ्या मनात खोट नाही," शेठ म्हणाले. "चूक तुझी नाही, लखनची नाही. पण उद्या पार्टी आली, सतरा नंबर मागितला, तर मी काय देऊ? हातात श्री देऊ? तू एवढी मालिका उभी करून दे. कागद इथेच आहेत. कुठे पळत नाहीत."

"शेठ, पंधरा तारीख..."

"त्यांना लिही. सरकारी लोक थांबतात."

मी त्या दिवशी म्हटले की कागद द्यावेत, काम तो धुळ्याहून येऊन-जाऊन करील. शेठ म्हणाले, "महेताजी, तुम्ही जमा बघा." मी जमा बघितली.

सुकदेवने तंत्रशाळेला मुदत मागितली. पंधरा दिवस मिळाले.

आता डिझाइने पुन्हा काढायची तर समोर नमुना हवा. व्यापाऱ्यांना दिलेले तुकडे बाजारात विखुरलेले. तेव्हा त्याला घरची गोधडी आठवली. छपाईत बिघडलेले कापड मिल कामगारांना स्वस्तात द्यायची, आणि धुरपदाबाईंनी अशा चिंध्या जोडून गोधड्या शिवल्या होत्या. एके सकाळी सुकदेव ती गोधडी सायकलला बांधून निघाला. आई मागोमाग मिलच्या दारापर्यंत आली. मी तेव्हा फाटकात हजेरी बघत होतो.

"नाना, हाऊ मन्ही गोधडी कथी लई जास?"

"मशीनच्या खोलीत," मी म्हणालो.

"का बरं? मशीनले थंडी वाजस का?"

दरवान हसला. तीही हसली. सुकदेव हसला नाही. त्याने गोधडी आत टेबलावर पसरली आणि एकेका चौकोनाला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचली. सतरा नंबर सापडला तो उशाच्या कोपऱ्यात, तेलकट. एकेक डिझाइन तो पडद्यावर काढायचा. आधी पहिले रूप, मग व्यापाऱ्याने सांगितलेला बदल, मग त्यावरचा बदल. प्रत्येक रूप प्रोग्रामला टिपून घ्यायला लावायचा. गोधडीत जे नव्हते ते डोळे मिटून आठवायचा. पंधरा दिवस कधीच संपले. तंत्रशाळेचे पत्र आले की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे. ते पत्र त्याने माझ्याच टेबलावर वाचले, घडी केली, आणि आत गेला. दार आपोआप लागले.

ऑगस्टमध्ये सुट्टीला विशाखा मुलीला घेऊन आली आणि गोडादऱ्याला न जाता आधी मिलमध्ये आली. मी तिला खुर्ची दिली. सुकदेव बाहेर आला, डोळे बारीक करून.

"तुमच्या मशीनला मागचं सगळं आठवतं म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"मग त्याला विचारा. मी येतो, असं तुम्ही मला म्हणालात, त्याची ही कितवी आवृत्ती?"

सुकदेव म्हणाला, "नाना बसलेत."

"नानांसमोरच विचारते. घरी विचारलं की तुम्ही झोपता."

मुलगी तोवर त्या खोलीचे दार ढकलून आत गेली होती. ती लगेच बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आत खिडकी आहे, पण ती चिकटवलीय." सुकदेवने तिला उचलून घेतले आणि कँटीनला नेले. विशाखा माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सोडा म्हणून मी कुणाला सांगू, तुम्हीच सांगा." मी तिला शेठची वेळ सांगितली. शेठ त्या दिवशी मुंबईला होते.

दिवाळीच्या आधी मालिका पूर्ण झाली. शेठनी पुन्हा खोलीत बसून सतरा नंबर मागितला. लखनने काढून दाखवला. या वेळी नावाला श्री नव्हते. शेठनी त्याऐवजी मशीनवरच मोठे श्री रंगवून घेतले होते. शब्दाप्रमाणे त्यांनी कपाट उघडले, गुणपत्रिका सुकदेवच्या हातात दिल्या आणि पाच साड्याही दिल्या. त्यांत एक महालक्ष्मीतली होती. मी पावती रद्द केली.

सुकदेवच्या हातात कागद होते आणि जायला जागा नव्हती. दुसरीकडे अर्ज कर, असे मी सांगितले. त्याने दोन केले. मग प्रोग्राम एकदा अडला, लखनला उमगेना. प्रोग्रामची परदेशातली पाने सगळ्यांसाठी होती, पण जुन्या मशीनसाठी उतरवलेली ही प्रत सुकदेवचीच होती, आणि तिच्यात कुठे काय बदलले ते त्यालाच ठाऊक. लोकेशसुद्धा फोनवर म्हणाला की आता हे मला वाचता येणार नाही. पूर्वी सुकदेव गेला असता तर डिझाइने अडली असती. आता मशीन अडले असते. शेठनी पगार वाढवला. तिसरा अर्ज त्याने केला नाही. विशाखा सुरतेला यायचे म्हणाली नाही, आणि त्यानेही कधी म्हटले नाही.

३१ मार्च १९९९ रोजी मी निवृत्त झालो. त्या आठवड्यात शेठ सुकदेवला म्हणाले, "दोन हजार साल येतंय. म्हणतात, जुन्या मशीनच्या तारखा बिघडणार. ते पार पडेपर्यंत जाण्याची गोष्ट काढू नकोस."

सुकदेव म्हणाला, "मी कुठे काढली, शेठ?"

शेठ म्हणाले, "हां, ते पण खरं."

पदभार देताना मी बाकी राहिलेल्या बाबी नव्या लेखापालाला वाचून दाखवल्या. सुकदेवने १९९६च्या जूनमध्ये स्वतःच्या पैशाने आणलेल्या फ्लॉप्यांना दुकानदाराचे बिल जोडलेले नव्हते, म्हणून ते व्हाउचर मंजूर झाले नाही. मिलकडून त्याला एकशे बारा रुपये देणे बाकी आहे.